बाबांना तिसऱ्यांदा भरती करावं लागू नये म्हणून मदत हवी आहे

बाबा ७१ वर्षांचे, हार्ट फेल्युअर, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३०. मार्चपासून दोनदा भरती झाले. दोन्ही वेळा आधी पायांवर सूज, मग रात्री आडवं पडलं की दम. डिस्चार्जच्या कागदावर 'मीठ कमी, १५ दिवसांनी दाखवा' एवढंच. दुसऱ्यांदा तर ते १५ दिवसही निघाले नाहीत.

आता रोज सकाळी चहाआधी वजन वहीत लिहितो. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे कळलंय. गोळ्यांची डबी मीच भरतो. लोणचं-पापड बंद. (कमी सोडियमचं मीठ सुचवू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि त्यांना स्पायरोनोलॅक्टोन सुरू आहे, त्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं.)

अडचण पाण्याची. डॉक्टरांनी दिवसाला जास्तीत जास्त दीड लिटर सांगितलंय, आणि नागपूरचा मे! कूलरसमोर बसूनही घसा कोरडा, मग गुपचूप माठाकडे जातात. फारच कमी प्यायले तर उठताना चक्कर. सोमवारी डॉक्टरांना विचारणारच आहे, गोळ्यांचा डोस तेच ठरवतील.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, ते दीड लिटरचं गणित उन्हाळ्यात कसं बसवतात? वरण, ताक, टरबूज त्यात धरता का? आणि दोन भेटींच्या मधे वजन, बीपी विचारून फोनवर मार्गदर्शन करणारी नर्स किंवा क्लिनिक नागपुरात कुणाला माहीत आहे का?