पुण्यातली पहिली खोली: तुमचे अनुभव इथे लिहा

भुसावळ जंक्शन

धाकट्या भावाचा पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. कॅप राउंडचं अलॉटमेंट आलं, संध्याकाळी पेढे वाटून झाले आणि रात्रीपासून घरात दुसरा विषय नाही: राहायचं कुठे? कॉलेजच्या हॉस्टेलची यादी अजून लागायची आहे. बाबा म्हणतात, शनिवार-रविवार जाऊ आणि खोली ठरवूनच येऊ. दोन दिवसांत काय काय बघून होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हा धागा.

आधी माझंच सांगते. २०१४ साली मी कर्वेनगरला खोली घेतली ती भर दुपारी बघून. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, वारा भरपूर, खिडकीतून नदीकडची झाडं दिसायची. त्या झाडांमागे डीपी रोडवरची लॉन्स आहेत हे कळायला तुळशीचं लग्न उजाडावं लागलं. त्यानंतर रोज एक वरात. आमच्या सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. थर्मोडायनॅमिक्सचा अर्धा पेपर मी बँडच्या तालावर पाठ केलाय. करार ११ महिन्यांचा, मधेच सोडलं तर डिपॉझिट बुडणार, म्हणून बसून राहिले.

तर लिहा. भाग, साल, भाडं आणि बघताना काय हुकलं, एवढं आलं तरी पुरे. घरमालकांची, मेसची नावं नकोत, भांडणं होतात.

मांजराकाठ

१९८६. लातूरहून रात्रीची एसटी, पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि शाळेतल्या सरांची चिठ्ठी. खोली भाड्याने घेण्याचा प्रश्नच नव्हता, घरची जमीन कोरडवाहू. सरांनी विद्यार्थी सहाय्यक समितीचं नाव सांगितलं होतं. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये खेड्यांतल्या गरजू मुलांसाठी काढलेली ही संस्था. मुलाखतीत मार्कांआधी घरची माणसं किती आणि बैलं किती हे विचारलं, ते अजून लक्षात आहे.

तिथं कमवा आणि शिका होतं. माझ्या वाट्याला एका छापखान्यातलं काम आलं, बांधणीला जाणारे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील कागद, मोजायचे. पहिल्या महिन्यात रडलो. आमच्या खोलीत चौघे चार जिल्ह्यांचे. भाषा मराठीच, पण मी "कावून" म्हणालो की तिघं हसायचे. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीच्या लग्नाला मागच्या वर्षी जाऊन आलो.

पोरांनो, वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. जेवण बेचव असतं, कबूल. पण ताप आला तर कोणाला तरी कळतं.

कॉट नंबर तीन

चिपळूण ते सदाशिव पेठ, २००९. विजेच्या खांबावर चिकटवलेली चिठ्ठी: "मुलींसाठी कॉट बेसिस, शाकाहारी". जुन्या वाड्यात माडीवर एक खोली, चार कॉट, प्रत्येकीला कपाटाचा एक खण. महिना १,८००, लाइटबिल धरून. दाराच्या आतल्या बाजूला काकूंच्या हस्ताक्षरात नियम. गरम पाणी सहा ते साडेसात. रात्री नऊनंतर दार उघडणार नाही. खोलीत मॅगी करू नये (हे लाल शाईत). मासे तर सोडाच, कोकणातून आईने पाठवलेलं सोड्यांचं पाकीट मी वर्षभर मैत्रिणीच्या घरी ठेवलं होतं.

वैतागून दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी धनकवडीला फ्लॅट घेतला. ८,००० भागिले चार म्हणजे २,०००, काकूंपेक्षा दोनशेच जास्त आणि वर स्वातंत्र्य. हिशेब असा मांडला आणि तिथेच फसलो. सिलिंडर, शेगडी, बादल्या, झाडू, दूध, कचरेवाल्या मावशी, सोसायटीचं पाणी, बसचा पास. पेठेतून मी सात मिनिटांत चालत कॉलेजला जायचे, इथून जाऊन-येऊन दीड तास. सगळं धरून दरडोई साडेतीन हजारांच्या वर जायला लागलं.

आणि जानेवारीत चौथी सोडून गेली. लग्न ठरलं. करार माझ्या नावावर, त्यामुळे मालकांचा फोन मला. मे महिन्यापर्यंत तिघींनी चौघींचं भाडं भरलं. तिच्यावर रागवायचं तरी कसं, लग्नात जेवूनही आलो. पण फ्लॅट शेअर करणार असाल तर मधेच गेलेल्याने बदली आणायची की दोन महिन्यांचे पैसे ठेवून जायचं, हे पहिल्या दिवशी बोला. मैत्रीत कसलं लिहून घ्यायचं असं वाटतं. घ्या.

खाडा किती

नवी पेठ, स्पर्धा परीक्षा, सहा वर्षं, पाच खोल्या. थोडक्यात: खोली नंतर बघा, अभ्यासिका आणि मेस आधी. खोलीत फक्त झोपायचं असतं. मेसवाल्याला विचारा, सलग किती दिवस गेलो नाही तर खाडा धरता, म्हणजे तेवढे पैसे कमी करता? रविवारी संध्याकाळी बंद असतं ते गृहीतच धरा. खोलीला सबमीटर असेल तर युनिटचा दर तोंडी नको, भिंतीवर लिहून घ्या.

पाणी ओसरल्यावर

सिंहगड रस्ता. खोली तळमजल्यावर, मुळात पार्किंगची जागा, भिंती घालून दोन खोल्या काढलेल्या. दोघांत ६,५००. एवढ्यात त्या भागात दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून आम्ही स्वतःला हुशार समजत होतो.

२५ जुलै २०२४. रात्रभर पाऊस, वर खडकवासल्यातून पाणी सोडलेलं. पहाटे पार्टनर म्हणाला, अरे चपला तरंगतायत. अर्ध्या तासात कॉट बुडाली. लॅपटॉप माळ्यावर टाकता आला. बारावीची मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला कॉटखालच्या बॅगेत होतं, त्याचा लगदा झाला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन दिवस आम्हाला ठेवून घेतलं. डुप्लिकेट कागद गोळा करण्यात अख्खं सेमिस्टर गेलं, गावाकडे चार फेऱ्या.

नंतर आठवलं, खोली बघताना भिंतीला कमरेपर्यंत एक रंग होता आणि वर दुसरा. मी विचारलंही होतं. "डिझाइन आहे," असं उत्तर मिळालं आणि मला पटलं!

नदीपासून किंवा ओढ्यापासून किती लांब, हे मालकाला विचारूच नका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, पाणी कुठवर येतं.

भुसावळ जंक्शन

बाप रे. कागद सगळे स्कॅन करून ठेवते आजच.

अरण्येश्वरकर

ओढ्याबद्दल +१. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आमच्याकडे काय केलं ते बघितलंय. एरवी बघाल तर नाला वाटतो.

वरच्या मजल्यावरची काकू

मी दुसऱ्या बाजूची. कोथरूडला वरचा मजला गेली पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना देते. इथे काकू म्हटलं की सगळे दात काढणार हे माहीत आहे, तरी लिहिते.

मुलं खोली बघायला येतात आणि फक्त वायफाय विचारतात. करार विचारत नाहीत. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने आमची, म्हणजे घरमालकाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीच नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं. हे माझ्याच वकिलांनी मला दरडावून सांगितलं, तेव्हापासून मी दर वर्षी नोंदवते. आता सगळं ऑनलाइन असतं, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्यायची असते. जो मालक "कशाला ते कागदाचं झंझट" म्हणतो त्याच्याकडे राहू नका.

दुसरं, पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा. माझ्या मुलांना मी स्वतः काढायला लावते. डिपॉझिटवरून होणारी भांडणं निम्मी तिथेच मिटतात. उरलेली निम्मी ओल्या टॉवेलमुळे फुगलेल्या कपाटाच्या दारावरून होतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

आणि नऊचा नियम माझ्याकडे कधीच नव्हता. साडेदहाचा आहे.

कयाधू

काकूंच्या कागदाच्या मुद्द्याला जोडून. मी हिंगोलीचा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही. अशा वेळी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मी अर्ज केला तेव्हा पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये होते: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पण भाड्याचा कागद लागतो, आणि कॉट बेसिसवाले कागद देत नाहीत. म्हणजे खोली स्वस्त पडली आणि योजना हातची गेली, असं होऊ शकतं. खोली बघतानाच विचारा. आणि हप्ता खात्यात पडेपर्यंतचे महिने कसे काढायचे याची सोय वेगळी ठेवा.

आता दुसरी गोष्ट. धाग्यात अजून कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. फोनवर खोली रिकामी असायची. "या, बघून जा." मग जाता जाता, "आडनाव काय म्हणालात?" ते सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एकाच दिवसात तीन ठिकाणी ती कालच गेली. चौथ्या ठिकाणी मी आधी आडनाव सांगितलं आणि मग भाडं विचारलं. त्या बाई दोन क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय." तिथे मी तीन वर्षं राहिलो.

तेव्हापासून मी आडनाव आधीच सांगतो. नकार मिळायचा असेल तर निदान बसभाडं वाचतं.

कॉट नंबर तीन

कयाधू, वाचून गप्प झाले. आमच्या वाड्यातही हा प्रश्न विचारला जायचा. माझं आडनाव "चालणारं" होतं, म्हणून तेव्हा मला तो प्रश्न नुसता गप्पांचा वाटला होता.

वनाज ते शिवाजीनगर

कॉलेज शिवाजीनगरला आहे म्हणून तिथेच खोली हवी असं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोने वनाजहून सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून शिवाजीनगर. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत मिळते. मात्र जाहिरातीतलं "मेट्रोपासून पाच मिनिटं" हे बुलेटवरून मोजलेलं असतं. चालून बघा.

पुणे ते आखेन

थोडं अवांतर, पण इथून जर्मनीला जाणारी बरीच मुलं वाचत असतील. २०२१ मध्ये आखेनला गेले. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक, म्हणून खासगी खोली ऑनलाइन शोधत होते. एक सुंदर खोली, भाडं कमी, मालक म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात, डिपॉझिट पाठवलं की किल्ली पोस्टाने येईल. बाबांनी पैसे काढूनही ठेवले होते. एका सिनियर दादाने तो पत्ता जाऊन बघितला, तिथे दातांचा दवाखाना होता.

खोली न बघता पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही जाऊ शकत नसाल तर ओळखीचं कोणीतरी पाठवा. दुसरं, तिथे "काल्ट" आणि "वार्म" अशी दोन भाडी सांगतात. वार्ममध्ये हीटिंग धरलेलं असतं, काल्टमध्ये नसतं; वार्ममध्येही वीज आणि इंटरनेट धरलेलं असेलच असं नाही. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त मागता येत नाही. आणि घरमालक पत्त्याच्या नोंदणीसाठी सही करून देणार का, हे आधी विचारा. ती नोंदणी नसेल तर पुढची कामं अडतात. म्हणजे कागदाचं रडगाणं तिथेही तेच.

भुसावळ जंक्शन

जाऊन आलो. वेळापत्रक उलटं केलं. दुपारी फक्त भाग फिरलो, खोल्या बघितल्या रात्री आठनंतर. बाबा कुरकुरत होते, पण वडगावची एक खोली त्यामुळेच वाचली: दिवसा शांत, रात्री खाली चायनीजची गाडी आणि तिच्याभोवती चाळीस पोरं. नऱ्ह्याला एका इमारतीच्या दारात डबा घेऊन येणाऱ्या मुलाला गाठलं. त्याला एकच विचारलं, तू पुढच्या वर्षी इथेच राहणार का? तो म्हणाला, राहीन, पण उन्हाळ्यात टँकर लागतो, एप्रिल-मेचे वेगळे पैसे घेतात. हे मालकाने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर मात्र नाकारलं नाही, करारात घालायला तयार झाले. दुसरा मजला, दोघांत ९,०००, कॉलेजला चालत बारा मिनिटं (भावाच्या पायांनी, बाबांच्या पायांनी वीस). किराणावाल्यालाही विचारलं. म्हणाला, ताई, पाणी इथवर यायचं तर आधी आख्खा सिंहगड रस्ता बुडेल.

मेस बघायची राहिली, ती आता त्याची तो बघेल. एक शंका उरलीय. आई गादी इथूनच पाठवायची म्हणतेय, ट्रॅव्हल्सच्या डिकीत. पाठवू का?

वरच्या मजल्यावरची काकू

गादी तिकडेच घ्या, टेबल-खुर्ची जुन्या बाजारात मिळेल, बुधवारी आणि रविवारी भरतो. गोधडी मात्र आईच्या हातची द्या. नऱ्ह्याला मोकळा वारा आहे, डिसेंबरात पोरगं कुडकुडेल.