आयर्लंडमध्ये रग्बीला मिळणारी प्रसिद्धी त्या खेळाच्या रंजकतेला साजेशी आहे का?

पश्चिमवारा :
फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा युरोपीय संघांची सिक्स नेशन्स ही रग्बी स्पर्धा सुरू झाली की आयर्लंडच्या वृत्तपत्रांची क्रीडापाने आणि रेडिओवरील चर्चेचे तास रग्बीने भरून जातात. कोणाचा स्नायू दुखावला, दहा क्रमांकाची जर्सी कोणाच्या अंगावर येणार, यावर आठवडाभर खल चालतो. प्रत्यक्ष सामन्यात मात्र ८० मिनिटांपैकी साधारण ३५ मिनिटेच चेंडू खेळात असतो. उरलेला वेळ कोसळलेला स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटा देतात तो घोळका) पुन्हा उभा करण्यात, लाइनआउटच्या (बाहेर गेलेला चेंडू आत फेकताना लावायच्या रांगांच्या) जुळवाजुळवीत आणि दूरचित्रवाणी पंचांनी एकच दृश्य चार बाजूंनी न्याहाळण्यात जातो.

याउलट काठी आणि चेंडूने खेळल्या जाणाऱ्या हर्लिंग या पारंपरिक आयरिश खेळाचा २०२४ चा ऑल-आयर्लंड अंतिम सामना आठवून पाहावा. क्लेअर काउंटीने (जिल्ह्याने) कॉर्क काउंटीला ३-२९ विरुद्ध १-३४ असे, म्हणजे गोलाचे तीन गुण धरून ३८ विरुद्ध ३७ असे हरवले. जादा वेळेसह सुमारे ९० मिनिटांच्या त्या खेळात ६७ वेळा गुण नोंदवले गेले. प्रेक्षकाला चहाचा कप खाली ठेवायलाही फुरसत नव्हती. हे सगळे खेळाडू हौशी असतात, सामन्याचे मानधन घेत नाहीत आणि सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर होतात. त्यामुळे माझे मत असे आहे की, आयर्लंडमधील प्रसिद्धी खेळाच्या रंजकतेवरून ठरत नसून जाहिरातदारांना कोणता प्रेक्षक हवा आहे यावरून ठरते. रग्बीचा पाया दक्षिण डब्लिनमधील महागड्या शाळांत आहे आणि त्या शाळांतील मंडळीच पुढे बँकांत, वकिलीत आणि संपादकीय खोल्यांत दिसतात.

शॅननकाठ :
आपल्या मांडणीतील शाळांचा मुद्दा डब्लिनपुरता ठीक आहे. लिमरिकमध्ये तो टिकत नाही. तेथे गोदीतील कामगार आणि गिरणीतील मजूर पिढ्यान्‌पिढ्या रग्बी खेळत आले आहेत. १९७८ मध्ये तेथील थॉमंड पार्कवर मुन्स्टर या दक्षिणेकडील प्रांताच्या संघाने न्यूझीलंडला १२-० असे हरवले, त्या दिवसाचा अभिमान तिथल्या श्रीमंत वस्त्यांपुरता कधीच नव्हता. जाहिरातदारांविषयी म्हणाल, तर हर्लिंग आणि गेलिक (पारंपरिक आयरिश) फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगला अलियान्झ या विमा कंपनीचे नाव आहे आणि क्लब अजिंक्यपदाला एआयबी या बँकेचे. पैसेवाल्या संस्थांना गेलिक खेळांचे वावडे आहे, असे यावरून तरी दिसत नाही.

प्रसिद्धी कमी पडते याचे मोठे कारण या खेळांची संघटना असलेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे स्वतःचे निर्णय आहेत, असे मला वाटते. सप्टेंबरमधील ऑल-आयर्लंड अंतिम सामने हा साऱ्या देशाच्या दिनदर्शिकेतला सण होता. आंतरकाउंटी हंगाम आणि क्लब हंगाम वेगळे करण्याच्या धोरणामुळे २०२२ पासून ते सामने जुलैमध्येच उरकले जातात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ संघटनेने आपण होऊन मोकळा करून दिला. २०२३ मध्ये नेमक्या त्याच मोसमात फ्रान्समध्ये रग्बी विश्वचषक भरला होता. जागा रिकामी ठेवायची आणि ती दुसऱ्याने भरली म्हणून तक्रार करायची, हे मला न्याय्य वाटत नाही.

त्याहून गंभीर बाब प्रक्षेपणाची आहे. २०१४ मध्ये काही सामने स्काय या सशुल्क वाहिनीला दिले गेले. ती व्यवस्था संपल्यावर मुन्स्टरमधील काही उत्कृष्ट हर्लिंग सामने इंटरनेटवर पैसे भरूनच पाहावे लागले आणि त्यावरून राजकीय नेत्यांनीही नाराजी व्यक्त केली. आयर्लंडचा सिक्स नेशन्समधील प्रत्येक सामना मात्र घराघरांत विनामूल्य दिसतो. ज्या मुलाला हर्लिंग पडद्यावर दिसतच नाही, त्याला ते अधिक रंजक आहे हे कोणी आणि कसे पटवून द्यावे?

पश्चिमवारा :
सशुल्क प्रक्षेपणावरील आपला आक्षेप मला मान्य आहे. हंगामाच्या विभागणीविषयी मात्र आपण क्लबच्या खेळाडूंना विसरत आहात. आंतरकाउंटी संघात निवड होणारे मूठभरच असतात. बाकी हजारो खेळाडूंना पूर्वी आपला पुढचा क्लब सामना केव्हा होईल हे कळत नसे, कारण काउंटीचा संघ स्पर्धेबाहेर पडेपर्यंत सारे अधांतरी राहत असे. त्यांना लग्नाची तारीख किंवा सुट्टीचा प्रवास ठरवता येऊ लागला तो या धोरणामुळे. संपादकांच्या सोयीसाठी त्यांना पुन्हा ताटकळत ठेवावे, असे मी तरी म्हणणार नाही.

राहिला स्क्रमचा प्रश्न. तो ताकदीचा आणि कौशल्याचा कस आहे, हे जाणकाराला पटते. पण पंचाने दंड नेमका कशासाठी दिला हे समालोचकांनाही पुष्कळदा सांगता येत नाही, अशा खेळाला सर्वसामान्य प्रेक्षकाची करमणूक म्हणणे कठीण आहे.

काजवा :
आपण गेलिक खेळांची बाजू मांडताना केवळ हर्लिंगच पुढे करता, हे मला सोयीचे वाटते. गेलिक फुटबॉलचे काय? काही वर्षांपूर्वी तो खेळ असा झाला होता की पंधराच्या पंधरा खेळाडू आपल्या गोलासमोर भिंत करून उभे राहत आणि प्रतिस्पर्धी संघ चेंडू हाताने इकडून तिकडे देत वेळ काढत असे. डब्लिनने २०१५ ते २०२० अशी सलग सहा अजिंक्यपदे मिळवली, तेव्हा तर निकालाची उत्कंठाही उरली नव्हती. शेवटी जिम गॅव्हिन या डब्लिनच्याच माजी प्रशिक्षकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या यशस्वी फटक्याला एकाऐवजी दोन गुण मिळतात आणि प्रत्येक संघाला तीन खेळाडू समोरच्या अर्ध्या मैदानात ठेवावेच लागतात. त्यानंतर खेळ निश्चितच खुलला. त्या वर्षी केरीने डोनेगलविरुद्ध अंतिम सामन्यात १-२६ अशी गुणसंख्या उभारली. आपल्याकडे प्रो कबड्डीने निर्णायक चढाईचा नियम आणून रेंगाळणारा खेळ पळता केला, तसाच हा प्रकार म्हणता येईल. मात्र ज्या खेळाला रंजक होण्यासाठी इतकी डागडुजी लागली, त्याच्या समर्थकांनी रग्बीच्या संथपणावर बोट ठेवताना थोडा संयम पाळावा.

धुकेरी_सकाळ :
या चर्चेत ‘प्रसिद्धी’ म्हणजे डब्लिनमधील वृत्तपत्रे आणि आरटीई ही सार्वजनिक प्रसारण संस्था एवढेच धरले जात आहे, यावर माझा आक्षेप आहे. मेयो किंवा किल्केनीतील कोणतेही साप्ताहिक उघडावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या सामन्यापासून क्लबच्या वार्षिक सभेपर्यंत पानेच्या पाने गेलिक खेळांची असतात. स्थानिक रेडिओ केंद्रे क्लब सामन्यांचे धावते वर्णन देतात आणि टीजी४ ही आयरिश भाषेतील वाहिनी हिवाळ्यात क्लब अजिंक्यपदाचे सामने विनामूल्य दाखवते. रग्बीचा ऑल-आयर्लंड लीगचा क्लब सामना मात्र किती जणांनी पाहिला असेल? रग्बीची प्रसिद्धी राष्ट्रीय संघ आणि चार प्रांतांचे संघ यांच्यापुरतीच उंच आहे. त्याखाली ती एकदम कोसळते. खरा अन्याय पाहायचा असेल तर महिलांच्या खेळाकडे पाहावे. २०१९ मध्ये महिलांच्या गेलिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ५६,११४ प्रेक्षक आले होते. सोमवारच्या पानांवर इतकी गर्दी खेचणाऱ्या पुरुषांच्या सामन्याला जी जागा मिळते, ती महिलांच्या वाट्याला क्वचितच येते.

शॅननकाठ :
महिलांच्या खेळाविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि रग्बीचाही त्याबाबतीतील इतिहास अभिमानास्पद नाही.

मूळ वादात मात्र एक गोष्ट राहून गेली. हर्लिंगमध्ये आयर्लंडचा संघ कोणाविरुद्ध खेळणार? काउंटीवरचे प्रेम कितीही उत्कट असले तरी क्लेअर विरुद्ध कॉर्क या सामन्यात अर्धा देश तटस्थच राहतो. २००७ मध्ये क्रोक पार्कवर आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असे हरवले, त्या दिवशी तटस्थ कोणीच नव्हते. १९२० मध्ये ब्रिटिश दलांनी याच मैदानावर गोळीबार करून १४ जणांचा बळी घेतला होता, आणि तिथे इंग्लंडचे राष्ट्रगीत शांततेत ऐकले जाईल की नाही याची धास्ती आठवडाभर होती. असा प्रसंग स्क्रम कितीदा कोसळला यावरून मोजता येत नाही.

पश्चिमवारा :
त्या दिवसाचे मोल मी नाकारत नाही, पण तो प्रसंग रंगला त्यात इतिहासाचा वाटा खेळाहून मोठा होता. शिवाय ते मैदान गेलिक संघटनेचे होते, बऱ्याच अंशी हौशी खेळाडूंच्या सामन्यांच्या उत्पन्नातून उभे राहिलेले, आणि ते रग्बीला खुले व्हावे म्हणून तिने २००५ मध्ये आपला नियम शिथिल केला होता. माझी मागणी तेवढ्याच उदारपणाची आहे : एप्रिल-मेमध्ये मुन्स्टरमधील हर्लिंगचे साखळी सामने ऐन रंगात येतात, तेव्हा त्यांतील प्रत्येक सामना आरटीईने विनामूल्य दाखवावा, आणि रग्बीचे वृत्त तेवढे दिवस दुसऱ्या पानावर जावे.