रुंद टायर आणि रस्त्यातली चाकोरी
रुंद टायर बसवल्यापासून सातारा-कराड रस्त्यावर गाडी चाकोरीत ओढली जाते, अशी इथे एकाची तक्रार आहे, आणि याचे खापर उत्तर देणाऱ्या सर्वांनी अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीवर, फोडले आहे. ते अर्धेच खरे वाटते. भरलेले ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या जिथे सावकाश चालतात, तिथे डांबर चाकांखाली दबून कडेला फुगते, आणि त्या उतरत्या कडेवर रुंद टायरची एकच बाजू टेकली, की रस्त्याचा रेटा स्टिअरिंगच्या अक्षापासून (ज्या रेषेभोवती पुढचे चाक वळते तिच्यापासून) बाजूला सरकून चाकाला वळवू पाहतो. बुटक्या, कडक भिंतीचा टायर हा रेटा न जिरवता थेट हातापर्यंत पोहोचवतो. पुढची चाके किंचित बाहेरच्या बाजूला वळलेली असल्यास ओढ वाढते, म्हणून टो, म्हणजे चाकांचा हा आत-बाहेर वळलेपणा, जरूर तपासावा, मात्र व्हील स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवून हा रेटा अक्षापासून आणखी दूर नेणाऱ्या चकत्या, लावले असतील (हौसेला मोल नसते!), तर आधी ते काढावेत.