5 जणांचा बँड, 9 दिवस, 4 गिग्स, पहिल्यांदाच बाहेर पडतोय, जमेल का?

बेसवाला_पुणे
नमस्कार मंडळी, आमचा 5 जणांचा बँड आहे, गाणी सगळी स्वतःची आणि मराठीत. गिटार, बेस, ड्रम्स, ढोलकी आणि गायिका. 3 वर्षं पुण्यातच वाजवतोय, आता डिसेंबरमधे पहिल्यांदा बाहेर पडायचं ठरवलंय, कोल्हापूर मग पणजी मग बेळगाव आणि शेवटी बंगळूर. कोल्हापूर आणि बेळगावला 15-15 हजार ठरलेत, बंगळूरला 20 आणि राहणं-जेवण त्यांचं, पणजीत मात्र फक्त तिकिटातला वाटा. सगळं फोनवर बोलणं झालंय, लिखित काहीच नाही. गाडी करून जायचा विचार आहे, आणि दोघं नोकरीवाले असल्यामुळे सुट्ट्या जेमतेम बसतायत म्हणून बेळगावची गिग संपली की रात्रीच बंगळूरला निघायचं असं चाललंय. कमाई करायला नाही चाललो हे खरं पण खिशातून घालून पण यायचं नाहीये, रेकॉर्डिंगसाठी आमच्या गायिकेने तिची एफडी मोडलीये आणि आता तिच्याकडून एक रुपया पण काढायची माझी तयारी नाही. तुम्ही लोक कसं करता ते सांगा प्लीज.

किकपेडल
आधी रात्रीचं बोलतो. बेळगाव ते बंगळूर 500 किमी आहे आणि तुम्ही सकाळपासून सामान उचलून, साउंडचेक करून, वाजवून दमलेले असणार. आम्ही असंच निघालो होतो, गाडी आमच्यातलाच एक चालवत होता, पहाटे 4 ला त्याचा डोळा लागला आणि गाडी डिव्हायडरला घासत गेली. वाचलो सगळे, पण गिटारिस्टचं मनगट मोडलं आणि 5 महिने तो वाजवू शकला नाही. त्या 5 महिन्यांत तो प्रॅक्टिसला येऊन नुसता बसायचा, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. एक सुट्टी जास्त टाका पण रात्री निघू नका.
आता गाडीचा हिशोब. बाहेरगावच्या टॅक्सीला दिवसाला 300 किमी धरतातच, गाडी उभी असली तरी. म्हणजे 9 दिवसांचे 2700 किमी, तुमचं खरं फिरणं होईल 1900 च्या आसपास. किमीला 15 रुपये जरी धरलेस तरी 40 हजार तिथेच गेले, वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि गाडीला ऑल इंडिया परमिट नसेल तर दुसऱ्या राज्यात शिरताना टॅक्स. त्यापेक्षा ट्रेन आणि एसटी बघा. बेळगावहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राणी चन्नम्मा पकडा, सकाळी बंगळूर, रात्रीची झोप पण होते आणि लॉजचे पैसे पण वाचतात. परत यायला उद्यान एक्सप्रेस थेट पुण्याला. स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट असतं, 5 जणांचं 200 किलो झालं, खूप झालं. ड्रमसेट आणि अँप्लिफायर तिथलेच मागा, ड्रमरने फक्त स्नेअर, सिंबल्स आणि किक पेडल न्यायचं.

फेडर_वर
मी साउंड करतो म्हणून तेवढंच सांगतो. जागा ठरली की 1 पानाचा ईमेल टाकायचा, स्टेजवर कोण कुठे उभं, कुणाला किती माइक, बेससाठी डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी), साउंडचेक किती वाजता, स्टेज किती वाजता. पणजीची जागा उघड्यावर असेल तर वेळ लिहूनच घ्या, 10 नंतर स्पीकर बंद, नियम सगळीकडे तोच आहे. तुमच्या आधीचा बँड लांबला की 9:20 ला स्टेज मिळतो आणि 40 मिनिटांत गाशा गुंडाळायचा, तिकिटाचा वाटा असला तरी लोक पुढच्या वेळी येणार तुमच्या वाजवण्यावरच ना. आणि ढोलकीवाल्याला सांगा, समुद्राजवळ संध्याकाळी दमट हवेने चामडं सैल पडून सूर उतरतो, एसी हॉलमधे उलट चढतो. सूर साउंडचेकला लावला तरी स्टेजवर जायच्या आधी परत बघायचा, त्यासाठी 5 मिनिटं हक्काने मागून घ्या.

जुन्नरकडचा
मी बँडवाला नाही पण आमच्या नारायणगावात दरवर्षी पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, समोर बसून सुपारी ठरते आणि इसार हातात घेतला जातो. लहानपणापासून बघतोय. त्यात पाव्हण्याचा अपमान होतोय असं कुणालाही वाटत नाही. 60-70 माणसं आणि ट्रक घेऊन फिरणारे लोक इसार घेतात मग तुम्हाला मागायला लाज कसली? निम्मे आधी, निम्मे स्टेजवर चढायच्या आधी. पणजीवाल्याला विचारा, वाटा राहू दे पण किमान प्रवासखर्च तरी पक्का कर.

बेसवाला_पुणे
खूप खूप आभार. गाडी रद्द केली. काल तिघांना ईमेल टाकला निम्म्या ॲडव्हान्सचा, कोल्हापूरवाल्यांनी तासाभरात 7500 पाठवले पण, बेळगाव हो म्हणाले, बंगळूरचं उत्तर यायचंय. पणजीत 6 हजार प्रवासखर्चाचे मागितलेत, नाही म्हणाले तर ती गिग सोडून कोल्हापूरहून सरळ बेळगाव. सुट्टीचं ड्रमर सोमवारी साहेबांशी बोलतोय. @किकपेडल दादा, तुमचा गिटारिस्ट आता वाजवतो ना?

किकपेडल
वाजवतो रे. मागच्याच शनिवारी नाशिकला 2 तास वाजवलं.