प्रतिसाद: दरवेळी बोटवाल्याचीच चूक?

नवी मुंबईच्या दिवाळे गावातल्या बोटीचं नवं इंजिन खाडीत बंद पडलं म्हणजे तेल चुकीचं घातलं असणार, असं या चर्चेत एका दादांनी लिहिलंय. मला नाही पटत. कधीकधी माल कच्चाच बाजारात येतो.

ओएमसीचं (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) बघा. इव्हिनरूड आणि जॉन्सन या नावांची आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं बनवणारी ही मोठी अमेरिकन कंपनी होती. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनात बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. तिकडे १९९८च्या मॉडेलपासून धुराचे नियम कडक होणार होते. म्हणून थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं 'फिख्ट' तंत्र १९९७च्या मॉडेलमध्ये घाईने उतरवलं. मंद वेगात स्पार्क प्लग काळे पडू लागले, मोठ्या इंजिनांचे पिस्टनही गेले. चाचणी झाली ती गिऱ्हाइकाच्या बोटीवर! वॉरंटीचा खर्च आणि बदनामी वाढली, शिवाय इतर अडचणी होत्याच. डिसेंबर २०००मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. पुढे कॅनडाच्या बोंबार्डिये कंपनीने इंजिनाचा धंदा घेऊन तेच तंत्र बरंच सुधारलं, म्हणजे कल्पना वाईट नव्हती.

आता आपली ठाणे खाडी. फ्लेमिंगो दाखवायचे तर बोट तासन्‌तास मंदच चालवावी लागते, आणि ओहोटीला ऐरोली-वाशीकडे पाण्यापेक्षा गाळ जास्त. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) त्यातच झिजतो. स्वच्छ तळ्यात पास झालेलं इंजिन इथे टिकेलच असं कोण सांगणार? पहिल्या वर्षीचं मॉडेल असेल तर मी तरी थांबेन. आणि विक्रेत्याला आधी विचारा, इम्पेलर अन्‌ इंधन फवारणारे इंजेक्टर इथे दुकानात आहेत की मागवावे लागतात?