सगळं इथरनेटवर आणलं की जाळं खरंच सोपं होतं?

ट्रान्समिशनवाला: काल इथे एका ताईंनी लिहिलं, "एसडीएच ही जुनी ट्रान्समिशन यंत्रणा भंगारात काढा, टॉवरपासून एक्स्चेंजपर्यंत एकच इथरनेट टाका, निम्मी डोकेदुखी संपेल." राहवलं नाही. ई1, म्हणजे एसडीएचवरचा 2 एमबीचा दुवा, तुटला की एलओएस (सिग्नल गेल्याचा अलार्म) कुठे, एआयएस (मागे बिघाड आहे हे पुढे कळवणारा अलार्म) कुठून, हे शिकाऊ पोरगंही सांगायचं. आता पोर्टचा दिवा हिरवागार आणि पलीकडे एक पॅकेट पोचत नाही. रात्री दोनला मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी) उघडून बसा, मग सोपं म्हणा.

पॅकेटवाली: ते मीच लिहिलंय, मागे घेणार नाही. ग्राहकाला 10 एमबी हवं की तुम्ही 5 ई1 एकत्र बांधायचात, डीडीएफवर (तारा जोडायच्या फ्रेमवर) एकेक जोडी पंच करत. त्याने 20 मागितलं की पुन्हा तेच. आज त्याला एक कमांड पुरते. आणि हिरव्या दिव्यावर उपाय म्हणून 802.1एजी, म्हणजे लिंक पलीकडच्या टोकापर्यंत चालते का ते तपासणारं मानक, 2007 पासून आहे. ते चालू न करणं हा हलगर्जीपणा.

ट्रान्समिशनवाला: शब्द जपून वापरा. बावीस वर्षं रात्री जागवल्यात. एकाच इथरनेटवर ग्राहक वेगळे ठेवणारे 4094 व्हीलॅन पुरेनात म्हणून क्यू-इन-क्यू (टॅगवर टॅग), तेही पुरेना म्हणून मॅक-इन-मॅक (पत्त्यावर पत्ता). हेडरवर हेडर चढवायचे आणि सोपं झालं म्हणायचं?

ओएफसी फिल्ड: तुम्ही हेडरवर भांडताय, खाली जमिनीत बघा. आमची रिंग जी.8032 मानकाची, एक बाजू तुटली की 50 मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वळणारी. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक फटका बसला आणि तालुक्याचं ठिकाण सहा तास बंद. ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटलं ते दाखवणारं यंत्र) लावला, तर पूर्वेचं आणि पश्चिमेचं फायबर, दोन्ही 3.2 किलोमीटरवरच संपत होतं. कंत्राटदाराने एकाच चरात पुरलेलं. नकाशावर दोन रस्ते!

पॅकेटवाली: आमच्याकडेही तेच. बिल 1.65 मीटर खोलीचं, केबल गुडघाभर मातीखाली.

ट्रान्समिशनवाला: मोजायला कोण उतरतं? मी उतरलो होतो एकदा टेप घेऊन, तर साहेबांनी मलाच झापलं. चर बुजल्यावर सही मागतात, आधी नाही. अशा चरात एसडीएच टाका नाहीतर इथरनेट, मरणारच.

ओएफसी फिल्ड: हेच सांगतोय.

ट्रान्समिशनवाला: बरं, ई1 बांधण्याची कटकट होती, मान्य. पण घड्याळाचं काय? टूजीचा टॉवर ई1वरूनच क्लॉक, म्हणजे वेळेचा ठोका, घ्यायचा. आमचे ई1 काढले आणि हँडओव्हरला (कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना) कॉल तुटायला लागले.

पॅकेटवाली: सिंक-ई (इथरनेटवरून क्लॉक नेणारी सोय) नसलेले स्विच लावले असतील. घड्याळ मी काल धरलंच नव्हतं, तेवढी चूक माझी. बाकी एक शब्द बदलत नाही.

ओएफसी फिल्ड: उद्या नव्या रिंगची पाहणी आहे. चर बुजवायच्या आत टेप घेऊन जातोय, यायचं असेल त्याने या.