आधी गुणा, मग भागा, पण डिंटमध्ये

टाकीत पाणी असूनही पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर) पातळी सतत ० का दिसते, असं तुम्ही विचारलंय. याचं कारण सेन्सर नाही, तुमचा भागाकार आहे. सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीमध्ये सेन्सरचा ४-२० मिलीअँपिअरचा सिग्नल ० ते २७६४८ असा येतो. तुम्ही लिहिलंय: आलेला आकडा भागिले २७६४८, गुणिले २५० (पूर्ण पातळी, सेंमीमध्ये). समजा २०७३६ आला. इंटमध्ये, म्हणजे १६ बिटांच्या पूर्णांकात, भागाकाराचा अपूर्णांक गळून पडतो, म्हणजे उत्तर ०, आणि शून्याला कितीनेही गुणा, शून्यच.

आधी गुणा, मग भागा, असं कुणीही सुचवेल आणि ते बरोबरच, पण तेवढ्याने भागणार नाही. २०७३६ गुणिले २५० म्हणजे ५१,८४,०००, आणि इंटची मजल ३२७६७ पर्यंतच. म्हणून आधी डिंटमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) बदला, मग गुणा, शेवटी भागा. १८७ सेंमी मिळेल. दशांश हवा असेल तर सरळ रिअल (दशांश संख्येचा प्रकार) घ्या.

आकड्यांच्या तुलनेबद्दलही सांगतो. गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी पंपासाठी फक्त 'पातळी २०० पेक्षा कमी' एवढीच अट टाकली होती. पाणी पडताना लाटा उठायच्या, आकडा १९९-२०१ नाचायचा आणि कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टकटक वाजत राहायचा. आठवड्याभरात त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले. तेव्हापासून ८० च्या खाली सेट (पंप चालू), २०० च्या वर रिसेट (पंप बंद), मधे पंप आहे त्या स्थितीत.

आणि रिअलवर 'बरोबर' ची तुलना कृपया नकोच. ०.१ दहा वेळा मिळवलं तरी ३२ बिटांत नेमका १ होत नाही. तिथे 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' वापरा.